घरोघर फिरणारा कोरम

पुनाराम कापगते कोण, म्हणून बोडीटोल्यावर कोणाला विचारलं तर माणूस आधी विचारात पडतो. मग म्हणतो, "कोरम का? मंग कोरम म्हना ना जी!" गेली सत्तावीस वर्षं ते आमच्या ग्रामपंचायतीचे शिपाई आहेत आणि त्यातली पंचवीस वर्षं तरी ते कोरम आहेत. माझ्या वर्गातल्या एका मुलीने 'आमचे मदतनीस' या निबंधात पोस्टमन, नर्सबाई आणि कोरम अशी तीन नावं लिहिली होती. मी लाल शाई लावली नाही.

नाव पडलं ते असं. ग्रामसभा भरायची तर ठरलेली किमान माणसं हजर लागतात, नाही तर ती सभा धरत नाहीत. सरकारी कागदावर याला गणपूर्ती म्हणतात. बोलताना कोणी म्हणत नाही. बोलताना सगळे कोरमच म्हणतात. सभा माझ्या शाळेच्या खोलीत भरायची. दहा-बारा माणसं यायची, त्यातली चार भिंतीला टेकून झोपायची. मग सभा संपली की पुनारामभाऊ हजेरीचं रजिस्टर कापडी पिशवीत घालून टोल्यावर, म्हणजे वस्तीत, निघायचे. "सही द्या जी, कोरम पुरा करायचा आहे." ज्याला सही येते तो सही करायचा, ज्याला येत नाही त्याचा अंगठा. हे चुकीचं आहे असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. सगळीकडे असंच होतं, असं सगळे म्हणत.

आमचा टोला सडसष्ट मोठ्या माणसांचा. रजिस्टर घेऊन फिरायला एक सकाळ पुरे. पण पुनारामभाऊंना तीन दिवस लागायचे. मी शाळेच्या व्हरांड्यातून बघायची, आज ते देवकाबाईच्या ओसरीवर बसलेत, उद्या चुन्नीलालच्या. चाय प्यायली, धानाला कीड लागली का विचारलं, कोणाच्या गुडघ्याला तेल कोणतं ते सांगितलं, मग शेवटी पिशवीतून रजिस्टर निघायचं. त्यांची बायको पुष्पाबाई सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा मोहित हैदराबादला लिफ्टच्या कंपनीत आहे. घरी परत जाऊन करायचं काय? एकटा माणूस दुसऱ्याच्या ओसरीवर उगीच जाऊन बसला तर लोक दोनदा बसू देतात, तिसऱ्यांदा विचारतात, "काही काम होतं का?" भाऊंजवळ काम होतं. त्या पिशवीत होतं.

टोल्याच्या मागे जंगल लागतं, ते सलग नागझिऱ्याकडे जातं. त्या जंगलाच्या तोंडाशी एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहान तळं. ती टोल्यातल्या लोकांच्या पणजोबांनी खोदलेली. पाळ अजून मजबूत आहे, पण आत गाळ इतका भरला की फेब्रुवारीत म्हशीचे पाय बुडतील एवढंच पाणी राहतं. आणि ती जंगलाच्या हद्दीत गेली असल्यामुळे गाळ काढायला हात लावता येत नाही. म्हणून टोल्याने वनहक्काचा सामूहिक दावा केला होता. जंगलातला मोहा, तेंदू आणि ही बोडी सांभाळायचा हक्क आमच्या सभेला द्या, असा. या दाव्यासाठी टोल्याची वेगळी सभा लागते, आणि तिचा कोरम कडक. एकूण माणसांच्या निम्मी तरी बसलेली पाहिजेत. सडसष्टचे निम्मे म्हणजे चौतीस.

पहिल्या वेळी सभेला अकरा माणसं आली होती. बाकीच्या सह्या पुनारामभाऊंनी तीन दिवसांत आणल्या. फाइल वर गेली. मागच्या पावसाळ्यात ती परत आली. शेरा असा होता की, सभेच्या दिवशी गावात नसलेल्या व्यक्तीची सही आढळते, सबब गणपूर्ती संशयास्पद, सभा नव्याने घ्यावी.

टोल्यावर लोक चिडले. कोणाची सही, कोण नव्हतं, याच्यावर आठ दिवस भांडणं झाली. पुनारामभाऊ त्या आठ दिवसांत कोणाच्या ओसरीवर दिसले नाहीत.

त्याच सुमारास ग्रामपंचायतीत नवीन ग्रामसेविका आली. मंजू मॅडम. वय तिशीच्या आत, पण बोलायला खणखणीत. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "रजिस्टर शाळेच्या बाहेर जाणार नाही. ज्याला सही करायची त्याने इथे येऊन बसायचं. मी फोटो काढणार." मग तिने टोल्याच्या ग्रुपवर मेसेज टाकला. रविवार, सकाळी अकरा, शाळा, घरी सह्या घेतल्या जाणार नाहीत. दवंडीची गरज नाही म्हणाली. पुनारामभाऊंना दऱ्या, म्हणजे सतरंज्या, अंथरायला आणि माठ भरायला सांगितलं.

धान कापून झालं होतं. ही सभा महत्त्वाची होती, कारण मळणी झाली की आमचा अर्धा टोला कामाला बाहेर जातो, कोणी रायपूरकडे, कोणी तेलंगणात. एकदा माणसं गेली की पावसाळ्यापर्यंत चौतीस डोकी एका ठिकाणी मिळणं अशक्य.

त्या रविवारी मी खोली उघडून द्यायला गेले. मी त्या टोल्यावर बावीस वर्षं शिकवते, पण राहते सडक अर्जुनीला, मत माझं तिथलं. म्हणजे मोजण्यात मी नाही. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. दरीवर सहा माणसं होती. मंजू मॅडम दारात उभी राहून रस्ता बघत होती. पुनारामभाऊ माठाजवळ उभे. एक वाजता तिने रजिस्टरात लिहिलं, 'कोरमअभावी सभा तहकूब', आणि पुढच्या रविवारची तारीख टाकली. भाऊंच्या सत्तावीस वर्षांत हे वाक्य त्या रजिस्टरात पहिल्यांदा आलं. ते मान वळवून वाचत होते.

"सगळे बाहेर गेले का हो?" तिने मला विचारलं.

मलाही तसंच वाटलं. म्हणून परत जाताना मी भाऊंच्या बरोबर टोल्यावरून गेले. आणि बघते तर काय, सगळे घरी! देवकाबाई ओसरीत नवं लुगडं नेसून बसलेली. सत्तरीची बाई, गुडघे गेलेले, पण केस विंचरलेले, टिकली लावलेली.

"काऊन गा कोरम? येवढा उशीर? चाय दोनदा गरम केली मी."

"सभा शाळेत होती वो, बाई."

"असंन ना. सभा त शाळेतच राहते. तू सहीले आता येऊन राहिला का?"

पुढच्या घरी चुन्नीलाल अंघोळ करून, दाढी करून, चष्मा पुसत बसला होता. त्याच्या पुढच्या घरी बकाराम. तो म्हणाला, "आमी बाहेर गेलो नाई आज. तुमाले बिना सहीचं परत जा लागू नये म्हनून." मेसेज सगळ्यांनी वाचला होता. 'घरी सह्या घेतल्या जाणार नाहीत' हे वाक्य सरकारी असतं तसं असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुनारामभाऊ व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसले. मुलं गेली होती. मी खडूची डबी आत ठेवत होते.

"मॅडमजी, ते गावात नसलेल्या मानसाची सही म्हनतेत ना कागदात? ते मोहितची होय."

"मोहित आला होता तेव्हा?"

"नाई. मी केली."

मी बाहेर येऊन बसले. मोहित माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला. त्याचा 'म' मी गिरवून घेतला होता.

"कायले केली, भाऊ?"

ते बराच वेळ पायाचा अंगठा मातीत फिरवत राहिले. "सगळ्या घरचे तीन-तीन, चार-चार नावं होते जी त्या पानावर. कापगते म्हनून मी एकटाच. पयले पुष्पा सही करे माह्या खाली. मले लय रिकामं दिसलं ते. म्हनलं, पोरगा आपलाच होय, त्याच्या नावाची जागा आहे, लिहून टाकू." मग म्हणाले, "कोनाले सांगू नोका. सांगीन मीच. पन आधी हे सभा भरू द्या."

मी हो म्हणाले.

उठता उठता ते परत बसले. "एक पुसू का? लोकं मले इतके सालापासून कोरम म्हनतेत. हे कोरम कोठचं होय?"

"गणपूर्ती, भाऊ."

"ते माहीत आहे. शब्द कोठून आला? मराठी नाई. हिंदीत नाई. गोंडीतबी पुसलं मी एका मानसाले. तो म्हने, आमच्यात कोर म्हंजे कोंबडी. मले त आठ दिवस संशय, का लोकं मले कोंबडी म्हनून राहिले का काय!"

आम्ही दोघंही हसलो. पण मला खरंच माहीत नव्हतं. शिक्षिका असून माहीत नाही म्हणायला जड गेलं, तरी म्हटलं. माझी भाची रेणू नागपूरला वकिलीचं शिकते. म्हटलं, तिला विचारते.

रेणूने फोनवर जे सांगितलं ते मी कागदावर उतरवून घेतलं, कारण असल्या गोष्टी माझ्या लक्षात राहत नाहीत. ती म्हणाली, "आत्या, हा लॅटिन शब्द आहे. लॅटिन म्हणजे रोमची जुनी भाषा. त्या भाषेत हे कशाचं नावसुद्धा नाही. वाक्याच्या मधला साधा शब्द आहे, 'ज्यांच्यापैकी'. आपण म्हणतो ना, ही पाच माणसं, ज्यांच्यापैकी दोघं शेजारची, तसा."

"मग तो सभेत कसा आला?"

"इंग्लंडच्या राजामुळे. पूर्वी तिथे गावोगावी न्याय द्यायला लोक नेमायचे. राजाचं नेमणुकीचं पत्र लॅटिनमध्ये असायचं. त्यात सगळ्यांची नावं लिहायची आणि पुढे म्हणायचं की यातले इतके जण बसले तर चालेल, पण 'ज्यांच्यापैकी तू, अमुक अमुक, एक असावास अशी आमची इच्छा आहे.' जे जाणते असतील त्यांची नावं अशी खास लिहायची. ते आल्याशिवाय बसताच येत नसे. मग लोक त्या खास माणसांनाच कोरम म्हणायला लागले. पुढे कायदे करणाऱ्या सभांनी तो शब्द उचलला, आणि त्याचा अर्थ झाला कमीत कमी किती माणसं पाहिजेत तो आकडा. संसदेत तोच, विधानसभेत तोच, आणि तुझ्या बोडीटोल्यावर पण तोच."

मी दुसऱ्या दिवशी हे भाऊंना जसंच्या तसं वाचून दाखवलं. 'ज्यांच्यापैकी तू एक असावास' इथे त्यांनी मला थांबवलं आणि ते परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे पयले नाव होतं. आकडा मागून झाला."

"हो."

"अना राजा स्वतः लिहे? नाव घेऊन?"

"लिहवून घेत असेल. पण नाव घेऊन."

हातातली टोपी त्यांनी चार वेळा घडी केली, चार वेळा उलगडली. "मॅडमजी, तो राजा लिहे का बाबा तू ये, तुह्याबिगर बसता येत नाई. अना मी का केलं? मी सांगत गेलो का तू नोको येऊ, घरीच बस, मी येतो. सत्तावीस साल मी हेच सांगत राहिलो. देवकाबाई कायले येईन मंग? कोरम पुरा मीच केला अना सभा रिकामी मीच केली."

मी काही तरी धीराचं बोलायला गेले, पण खोटं बोलावं लागलं असतं, म्हणून राहिले.

त्या आठवड्यात पुनारामभाऊ घरोघर फिरले. पिशवी नव्हती. मंजू मॅडमने सांगितलं नव्हतं, त्यांनी रजा टाकली आणि फिरले. एका घरी मी हजर होते, वर्गातल्या मुलाच्या गैरहजेरीबद्दल विचारायला गेले होते. ते दारात येऊन उभे राहिले.

"दुधराम कापगते," त्यांनी पूर्ण नाव घेतलं. चुलतभाऊ त्यांचा, जन्मात कधी पूर्ण नावाने हाक मारली नसेल.

दुधराम जेवत होता. "का झालं गा? पोलीस आला का?"

"रविवारी सभा आहे. तू यावं."

"रजिस्टर आन ना, आताच करतो सही. हात खरकटा आहे, अंगठा चालंन का?"

"रजिस्टर नाई आनलं. तूच ये."

"मी का करू तिथं येऊन? मले का समजते?"

"बोडी कोठपर्यंत होती ते तुले माहीत आहे. तुह्या बापानं पाळीवर माती टाकली. आनखी कोनाले माहीत आहे सांग."

दुधरामची बायको सुशिलाबाई चुलीजवळून म्हणाली, "कोरमभाऊ, बसा ना, चाय ठेवतो."

"नोको वो. आज बसत नाई."

हे त्यांनी प्रत्येक घरी केलं म्हणे. चाय घेतली नाही, बसले नाहीत. चुन्नीलालने तर तोंडावर सांगितलं, "कोरमा, तू म्हातारपनी पिसाळला. घरी येऊन सही घेनारा मानूस आमाले पायदळ बोलावून राहिला!" देवकाबाई म्हणाली, "माह्ये गुडघे पाहून राहिला ना तू? मंग?" भाऊ म्हणाले, "पाहून राहिलो. खाटेवर बसवून आनू. पन तू पायजे." यावर ती म्हातारी म्हणे रडायला लागली. कारण विचारलं तर म्हणाली, नवरा गेल्यापासून मला कोणी 'तू पाहिजे' म्हटलं नाही.

शुक्रवारी ते शाळेत आले, मोहितला फोन लावून द्या म्हणाले. त्यांच्या फोनचा आवाज फाटतो आणि त्यांना कमी ऐकू येतं. मी माझ्या फोनवरून लावला, स्पीकर सुरू केला आणि समोर ठेवला.

"बाबा, बोला. मी साइटवर आहे."

"रविवारी सभा आहे बेटा. बोडीची. येतस का?"

"रविवारी? परवा? बाबा, सुट्टी नाई भेटत जी. एका सहीसाठी हजार कोसावरून येऊ का?"

"सही नाई. बसाले ये."

"नाई जमत." मागे कुठे तरी लोखंड कापल्याचा आवाज होत होता. "अना माहं नाव तिथं कायले ठेवून राहिले तुमी? मी मागल्या साली इथंच वोटर कार्ड बनवलं ना. सांगितलं होतं तुमाले. इथं फ्लॅटचंबी पाहून राहिलो. आता तिकडं का आहे?"

भाऊंनी फोन उचलला, चाचपडत लाल बटण दाबलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवाज लय फाटते जी तुमच्याबी फोनचा."

मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी मी निघताना घरच्या मारुतीला दिवा लावला. मागणं असं काही केलं नाही. फक्त चौतीस हा आकडा ओठावर येत होता, तो तसाच त्याच्यासमोर ठेवला.

शाळेत गेले तर साडेदहालाच दहा-बारा माणसं! बाया जास्त. सुशिलाबाई, तिच्या दोन्ही सुना, बकारामच्या घरचे चार. देवकाबाईला खरंच खाटेवर आणलं होतं, आणि चुन्नीलाल एका खुराला खांदा देऊन शिव्या घालत होता, "म्हातारी, तू जड होऊन राहिली का मी हलका झालो?" ती वरून म्हणत होती, "तू हलकाच होता रे, लहानपनापासून."

मंजू मॅडमने आधी यादी वाचली. सडसष्ट नावं. ती म्हणाली, "ही यादी टोल्यात राहणाऱ्यांची आहे. कोणी कायमचं बाहेरगावी गेलं असेल, तिथला मतदार झाला असेल, तर नाव वाचताना सांगा. ते नाव यादीत ठेवता येत नाही. नुसतं कामाला गेलेलं असेल तर राहू द्या."

"मोहित पुनाराम कापगते."

"कामाले गेला," भाऊ माठाजवळून म्हणाले. "येते."

तिने पुढचं नाव घेतलं. मला माहीत होतं. पण ते सांगणं माझं नव्हतं.

साडेअकरापर्यंत माणसं येत राहिली. तिने मोजली. एकोणतीस. बकारामचा भाऊ सायकलवर जाऊन शेतातून दोघांना घेऊन आला. एकतीस. एक बाई बाळाला पाजत होती, ती पाजून झाल्यावर आली. बत्तीस. मग भाऊंना मॅडमने हात धरून दरीवर बसवलं. "तुम्ही शिपाई असाल, पण या टोल्याचे सभासद आहात. तुमची सही कुठे आहे?" त्यांनी सही केली. तेहतीस.

त्यानंतर कोणी आलं नाही.

सात-आठ कुटुंबं आधीच गुरुवारच्या गाडीने निघून गेली होती. दोघं दवाखान्यात होते. दोघातिघांनी दार उघडलं नाही. साडेबारा वाजले, एक वाजला. बाळ रडायला लागलं. बाया उठायच्या बेतात आल्या, चुलीवर काही नव्हतं.

"एक कमी आहे," मंजू मॅडम म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "आता तारीख दिली तर तुमच्यातले किती राहतील?"

बकारामच्या घरचे मंगळवारी निघणार होते.

चुन्नीलाल हसत हसत म्हणाला, "कोरमा, इतके साल सह्या आनल्या. एक सही आनाले का लागते? मोहितचीच करून टाक. बापानं केली का पोरानं केली, घर त एकच."

काही लोक हसले. त्याला काही ठाऊक नव्हतं, तो गमतीनेच बोलला. पण भाऊंचा चेहरा मी बघितला.

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूच. "मॅडम, ते यादी पाहा ना आनखी एक डाव. मोहितचं नाव काढा."

"काय?"

"तो येत नाई. त्यानं तिकडं कार्ड बनवलं. मागल्या साली सांगितलं त्यानं मले. घरबी तिकडंच घेऊन राहिला." मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "अना पयल्या कागदावरची खोटी सही मीच केली होती. त्याची. फाइल माह्यामुळं परत आली."

दुधराम तोंड उघडून बघत होता. चुन्नीलालने चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसत बसला, पुसून झाला तरी पुसत बसला.

मंजू मॅडमने कागदावर वजाबाकी केली. सहासष्ट. निम्मे तेहतीस. तिने एकदा तेहतीस डोकी परत मोजली, बाळ सोडून.

"नाव कमी करायला कारण लिहावं लागेल, आणि माहिती देणाऱ्याची सही," ती म्हणाली. "भाऊ, कारण काय लिहू?"

"लिहा का, कायम बाहेरगावी."

"कायम लिहू ना?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "लिहा."

तिने मोहितच्या नावावरून एक सरळ रेघ मारली, पट्टी लावून. भाऊंनी बाजूला सही केली. मग ठराव वाचला गेला. बोडीची हद्द कुठून कुठे ते दुधरामने उभं राहून सांगितलं, बडबडला बराच, पण वडाचं झाड, दगडाचा पाट, जुनी पाळ, सगळं सांगितलं, आणि देवकाबाईने खाटेवरून दोनदा त्याची चूक काढली. हात वर झाले. फोटो निघाला. पावणेतीनला सभा संपली.

लोक जाताना भाऊंच्या जवळून गेले. कोणी रागावलं नाही, कोणी पाठीवर हातही ठेवला नाही. सुशिलाबाई तेवढी दारात थांबली आणि म्हणाली, "भाऊ, संध्याकाळी येजा जेवाले." ते "पाहू" म्हणाले.

फाइल परत वर गेली आहे. हे लिहिताना उत्तर आलेलं नाही.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी खोलीला कुलूप लावायला थांबले होते. पुनारामभाऊ दऱ्या गोळा करत होते. मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी दरी झटकली, घडी केली.

"मॅडमजी, मोहितले सांगाव का जी? का नाव काढलं म्हनून?"

"सांगा ना. आत्ता लावून देऊ का फोन?"

त्यांनी दुसरी दरी उचलली, तिचं टोक माझ्या हातात दिलं.

"फोनवर नाई," ते म्हणाले. "आला म्हंजे सांगीन."